युजेबिलिटी आधी, कोड नंतर : कारखान्याचं सॉफ्टवेअर बांधताना काय कधी ठरवायचं

सॉफ्टवेअर तयार होतं, डेमो होतो, सगळे माना डोलावतात आणि मग मालक म्हणतात, "ते चुकलेली एंट्री मागं घ्यायचं एक बटन तेवढं टाका की ओ, बटनच तर आहे." बटन टाकायला दहा मिनिटं लागतात हे खरंच आहे. पण तोपर्यंत त्या एंट्रीवर पगार निघालेला असतो, स्टॉक हललेला असतो, त्यातला माल गाडीत चढून गेलेला असतो आणि डेटाबेसमध्ये जुना आकडा पुसून त्याच जागी नवीन आकडा बसलेला असतो, म्हणजे मागं जायला काही शिल्लकच नसतं. मग त्या एका बटनासाठी टेबलं बदला, पगाराचा कोड बदला, रिपोर्ट बदला, आणि हे सगळं चालू सिस्टीमवर करा.

हा लेख छोट्या उद्योगांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या दोन-चार जणांच्या टीमसाठी आहे, आणि आत्ताच कॉलेजमधून बाहेर पडून पहिलं काम घेणाऱ्या पोरापोरींसाठी. मला एकच गोष्ट मनापासून सांगायचीय की वापरणाऱ्याला ज्या गोष्टींनी खरा आराम मिळतो त्यातल्या निम्म्या स्क्रीनवर ठरत नाहीत, त्या आत, डेटा कसा साठवता, कुठला भाग कुणाशी बोलतो, यात ठरतात. म्हणून त्यांचा विचार पहिल्या आठवड्यात व्हायला लागतो. उदाहरण सगळीकडं एकच घेतोय, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिसतो तसा टॉवेलचा कारखाना. यंत्रमाग, दोन पाळ्या, मागावर किती नग निघाले त्याची नोंद, त्यावर पगार, सेकंड म्हणजे थोडा दोष असलेला माल वेगळा, आणि शेवटी पॅकिंग आणि डिस्पॅच.

एक व्याख्या आधी नीट करून घेऊ कारण युजेबिलिटी म्हणजे दिसायला छान असं बरेचजण धरून चालतात. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा भाग ११ आहे, १९९८ ला आला आणि २०१८ ला सुधारला, त्यात ती तीन गोष्टींनी मोजतात. काम पूर्ण आणि बरोबर झालं का, त्याला वेळ आणि कष्ट किती गेले, आणि करणारा माणूस समाधानी राहिला का. आणि ही तिन्ही मापं ठराविक माणसं, ठराविक काम आणि ठराविक परिस्थिती धरूनच लावायची असतात. ही शेवटची अट लोक वाचतात आणि सोडून देतात, खरं तर सगळं तिच्यातच आहे. एसी ऑफिसात लॅपटॉपवर सोपी वाटलेली स्क्रीन मागांच्या खोलीत सोपी राहीलच असं नाही.

पायरी १ : जिथं काम चालतं तिथं जाऊन बसा

मीटिंग रूममध्ये "तुम्हाला काय काय पाहिजे" असं विचारलं की मालक रिपोर्ट सांगतात. रिपोर्टात जाणारा आकडा भरणारा माणूस त्या मीटिंगला नसतोच. म्हणून पहिलं काम, पाळी बदलते त्या वेळेला तिथं उभं राहा आणि बघा. विचारू नका, नुसतं बघा.

काय बघायचं ते सांगतो. माग चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायला लागतं, म्हणजे तुमच्या अ‍ॅपचा "टिंग" आवाज कुणालाही ऐकू येणार नाही, एंट्री झाली हे डोळ्याला दिसलंच पाहिजे किंवा फोन थरथरला पाहिजे. हवेत कापसाचा तूस असतो, हाताला तेल किंवा खळ असते, ओल्या-तेलकट बोटाला टचस्क्रीन नीट ऐकत नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली तर विचारूच नका, गोडाऊनच्या दारात उन्हात उभं राहून गाडी भरून घेणाऱ्याला फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत. आणि भाषा! एकाच पाळीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरात बोलणारी माणसं असतात, एकमेकांशी मिळून-मिसळून कुठलीतरी मधली भाषा बोलतात, आणि वाचायला येणारी लिपी प्रत्येकाची एकच असेल असं नाही.

सगळ्यात मोठा खजिना म्हणजे जुनी वही. तिचे फोटो मागून घ्या. वहीत रकाने कुठल्या क्रमाने आहेत, कुठं खाडाखोड जास्त आहे, समासात काय लिहिलंय ("बीम संपला" म्हणजे मागावरचा सुताचा रूळ संपला, "लाईट गेली", "बदली कामगार"), हे समासातलं लिखाण म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यासाठी जागाच नसणार आहे ते सगळं. शिवाय माणसं कुठं अडतात आणि "थांबा, विचारून सांगतो" म्हणून फोन लावतात तेही टिपून ठेवा. प्रत्येक फोन म्हणजे जी माहिती त्या जागी असायला हवी होती आणि नाहीये.

फक्त मागावरच थांबू नका. शिलाई आणि पॅकिंगला बसलेल्या मावशी मोजणी कशी करतात बघा, त्या बहुतेक ठिकाणी डझनात मोजतात आणि तुमचं टेबल नगात असतं. नगातून डझन काढायचा हिशेब मशीनने करायचा की माणसाने? लॅरी टेस्लर, ज्यांनी कट-कॉपी-पेस्ट रुजवलं, त्यांचं म्हणणं असं होतं की कामातली काही गुंतागुंत कमी होतच नाही, ती फक्त कुणीतरी उचलायची असते, युजरने किंवा बनवणाऱ्याने. आपण उचलायची.

पायरी २ : फीचरच्या यादीऐवजी प्रसंग लिहा

"प्रॉडक्शन एंट्री मॉड्यूल" असं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा :

रात्रपाळीचा सुपरवायझर, पहाटे पावणेसहा, मोबाईलला रेंज नाही, २४ मागांची नोंद करायचीय, मधे दोनदा तरी कुणी हाक मारणार. सगळी नोंद १० मिनिटांत व्हावी, मधेच सोडून परत आला तर भरलेलं तसंच असावं, आणि चुकलेला आकडा त्याचा त्यालाच, ऑफिसात फोन न लावता, सुधारता यावा.

आता याच चार ओळींना विचारा की यासाठी आतून काय लागेल. रेंज नाही म्हणजे डेटा आधी फोनवरच साठायला हवा. मधे सोडून परत येणं म्हणजे अर्धवट नोंद हीसुद्धा सिस्टीमला मान्य असलेली अवस्था पाहिजे, "सगळं भरल्याशिवाय सेव्ह नाही" चालणार नाही. स्वतः सुधारणं म्हणजे कोण, कधीपर्यंत, काय सुधारू शकतो याचे नियम आणि जुना आकडा जपून ठेवणं. एक स्क्रीन काढायच्या आधीच आर्किटेक्चरचे, म्हणजे आतल्या रचनेचे, तीन निर्णय हातात आले.

ही कल्पना माझी नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये लेन बास आणि बॉनी जॉन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये यावर एक रिपोर्ट काढला होता, त्यात त्यांनी पंचवीसहून जास्त असे प्रसंग मांडले जे नंतर स्क्रीन बदलून सुटत नाहीत, आधी रचनेतच सोय लागते. चालू काम रद्द करणं, मागं घेणं, काम किती झालं ते दाखवणं, एकदा भरलेली माहिती दुसरीकडं परत न भरायला लागणं, एकाच वेळी अनेक नोंदींवर काम करणं, वेगळ्या भाषेत चालवणं, असे. आज इतक्या वर्षांनी पण छोट्या प्रोजेक्टांत नेमक्या याच गोष्टी शेवटच्या आठवड्यात आठवतात.

प्रसंग दहा-बारा पुरेत. पण प्रत्येकात आकडा हवा, किती वेळात, किती चुका चालतील. "सोपं असावं" असं लिहिलं तर शेवटी कुणीच कुणाला काही सिद्ध करू शकत नाही, आणि बिल अडकतं ते वेगळंच.

पायरी ३ : आतली रचना ठरवा

हा सगळ्यात मोठा भाग आहे, सावकाश वाचा.

चुकलेली एंट्री. आकड्यावर आकडा लिहू नका. बँकेच्या पासबुकात चुकीची रक्कम कुणी खोडत नाही, खाली उलटी एंट्री येते, तसंच ठेवा. माग क्रमांक ७, रात्रपाळी, ६० नग ही एक नोंद, ती चुकली तर "उणे ६०, अधिक ५०, दुरुस्ती, अमक्याने, इतक्या वाजता" अशी पुढची नोंद. एकूण नेहमी बेरीज करून काढायचं. यामुळं मागं घेणं फुकटात मिळतं, शिवाय भांडण झालं की काय घडलं ते दाखवता येतं. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद न करता येणं कायद्यानेच लागू आहे, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाचं पुस्तक असेल तर हे असंही करायलाच लागणार.

पण दुरुस्ती कधीपर्यंत हा प्रश्न मालकाला आधीच विचारा. माझं मत असं की पाळी संपून ऑफिसने मंजूर करेपर्यंत सुपरवायझरला पूर्ण मोकळीक द्यावी, मंजुरीनंतर पगार निघेपर्यंत ऑफिसच्या परवानगीने, आणि पगार वाटल्यावर त्या आठवड्याला हात लावायचाच नाही, फरक पुढच्या आठवड्यात दाखवायचा. कामगाराच्या हातात पडलेली पगाराची चिठ्ठी मागाहून बदलली तर त्या सॉफ्टवेअरवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

मागं घ्यायची सोय आधी न केल्याने काय होतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई राज्याचं आहे. १३ जानेवारी २०१८ ला तिथं क्षेपणास्त्र येतंय असा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला आणि तो खोटा होता असं त्याच फोनवर सांगायला ३८ मिनिटं लागली, कारण इशारा मागं घ्यायचा मेसेज आधीपासून तयार ठेवलेलाच नव्हता. तोपर्यंत लोक पोरांना घेऊन लपायला जागा शोधत होते.

नेट नसणं. "नेट नाही" असा लाल मेसेज दाखवून मोकळं होता येत नाही. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये, तिथंच तिला स्वतःचा युनिक नंबर द्यायचा (सर्व्हरकडून नंबर येईपर्यंत थांबायचं नाही), मग ती पाठवायच्या रांगेत लावायची, नेट आलं की रांग सरकते. सर्व्हरने तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर गपचूप "मिळालं" म्हणायचं, दुसरी नोंद करायची नाही. हे केलं की घाईत दोनदा दाबलेलं बटन, मधेच तुटलेलं कनेक्शन, परत पाठवलेली रिक्वेस्ट, तिन्हीचा प्रश्न एकदम मिटतो. हे सर्व्हरच्या रचनेत नसेल तर मग स्क्रीनवर "कृपया बटन दोनदा दाबू नका" लिहायची पाळी येते, आणि ते वाचतं कोण?

आणि माणसाला कळलं पाहिजे की नोंद कुठवर गेली. "फोनमध्ये आहे" आणि "ऑफिसला पोचली" या दोन वेगळ्या अवस्था, दोन वेगळ्या खुणांनी. सुपरवायझर जेव्हा विचारतो "अण्णा, एंट्री गेली का राहिली?" तेव्हा त्याला उत्तर ऑफिसातून नाही, हातातल्या फोनवर मिळायला हवं.

वेळ लागणारी कामं. युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी मांडलेल्या तीन मर्यादा पाठ करून ठेवा. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत माणसाचा विचार तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढं त्याचं लक्ष उडतं आणि तो दुसऱ्या कामाला लागतो किंवा परत परत बटन दाबत बसतो. आता आठवड्याचा पगार काढायला ४० सेकंद लागत असतील तर ते काम स्क्रीनला बांधून ठेवू नका, मागं वेगळं चालू द्या, किती कामगार झाले ते दाखवा, आणि रद्द करायचं बटन द्या. रद्द म्हणजे खरंच रद्द, अर्ध्या कामगारांचा पगार नवीन दराने आणि अर्ध्यांचा जुन्या दराने असं काही मागं राहता कामा नये. म्हणून हिशेब आधी कच्च्या टेबलात करायचा, सगळा झाला की एका झटक्यात पक्का करायचा. हा कच्चा-पक्का वेगळा ठेवायचा निर्णय आणखी एका ठिकाणी कामाला येतो, ते पुढच्या पायरीत.

मराठी. इथं लोक फार हलक्यात घेतात. सगळे मेसेज, लेबलं कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाईलीत ठेवा हे तर सगळे सांगतात, खरा त्रास डेटात आहे. "ऱ्य" यातला किंवा "ऱ्ह" मधला र दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाईप होतो आणि आत वेगवेगळा साठतो, डोळ्याला सारखाच दिसतो, म्हणून एका कीबोर्डवरून भरलेला "कुऱ्हाडे" दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही, आणि युनिकोडचं (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची जगभरची पद्धत) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, लावूनही ते सगळं जुळत नाही, तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. येमुल आणि येमूल, श्रीनिवास आणि श्रिनिवास, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडून शोधणारी एक वेगळी शोध-चावी प्रत्येक नावाबरोबर साठवा, दाखवायचं नाव मात्र कामगाराने सांगितलं तसंच ठेवा. त्याचं नाव त्याचं आहे.

आकड्यांचं पण तसंच, कुणी देवनागरी आकडे टाकेल कुणी इंग्रजी, दोन्ही घ्या आणि आत एकाच रूपात साठवा. बऱ्याच लायब्ररींत भाषा मराठी-भारत अशी निवडली की आकडे आपोआप देवनागरी छापले जातात, कारण युनिकोडच्या स्थानिक डेटात मराठीसाठी तेच ठरलेलं आहे, मग बारकोडखाली किंवा बिल नंबरात ते गेलं की समोरच्या पार्टीच्या सिस्टीमला वाचता येत नाही. कुठं कुठले आकडे हे ठरवून स्पष्ट सांगा. स्वल्पविराम मात्र लाख-कोटीप्रमाणेच, १,२५,००० असाच. आणि पगाराच्या चिठ्ठ्या थर्मल प्रिंटरवर काढणार असाल तर आधी प्रिंटर तपासा, बऱ्याच स्वस्त प्रिंटरांना देवनागरी अक्षरं येतच नाहीत, चिठ्ठी चित्र करून पाठवायला लागते, त्याने वेग कमी होतो, आणि रांगेत ऐंशी माणसं उभी असताना तो वेग जाणवतो.

तारीख आणि पाळी. पहाटे दोन वाजता भरलेली नोंद कुठल्या दिवसाची? घड्याळ म्हणतं आजची, कारखाना म्हणतो कालच्या रात्रपाळीची. म्हणून "पाळीची तारीख" आणि "भरल्याची वेळ" हे दोन वेगळे रकाने सुरुवातीपासून ठेवा. नंतर वेगळे करायला गेलात तर जुना सगळा डेटा संशयास्पद होतो.

एक फोन, अनेक माणसं. पाळीला एकच फोन असतो आणि तो हातोहात फिरतो. प्रत्येकाला ईमेल-पासवर्डने लॉगिन लावलं तर पासवर्ड भिंतीवर लिहिला जातो, म्हणजे सुरक्षाही गेली आणि सोयही गेली. त्याऐवजी फोन हा कारखान्याचा म्हणून एकदा नोंदवायचा आणि त्यावर माणूस बदलायला फोटोवर टॅप आणि छोटा पिन. प्रत्येक नोंदीवर माणूस आणि फोन दोन्ही लिहिले जातील अशी रचना हवी, एवढंच.

शेवटचं, स्क्रीन आणि नियम वेगळे ठेवा. पगाराचा नियम बटनाच्या कोडमध्ये लिहिला तर स्क्रीन बदलायची भीती वाटते, आणि पुढच्या पायऱ्यांत स्क्रीन बदलणारच आहे. एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे डेटा, स्क्रीन आणि त्यांना जोडणारा भाग वेगळे ठेवणं) हे नाव आपण सगळे घोकतो, ते ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात मांडलं, आणि त्यामागं हेतूच असा होता की माणसाच्या डोक्यातलं कामाचं चित्र आणि मशीनमधलं चित्र यातलं अंतर मिटावं. शिकवताना हे कुणी सांगत नाही, नुसते तीन डबे काढून दाखवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायरी ४ : आता स्क्रीन, आधी कागदावर

कागदावर पेन्सिलीने काढा. शब्द कारखान्यातले घ्या, "लूम" म्हणत असतील तर लूम, "माग" म्हणत असतील तर माग, "प्रॉडक्शन युनिट" नको. उचल, सेकंड, बदली, बीम हे शब्द जसेच्या तसे. रकान्यांचा क्रम जुन्या वहीचा ठेवा, तो क्रम माग ज्या रांगेत उभे आहेत त्यावरून आलेला असतो.

बटनं मोठी. अँड्रॉईडचा सल्ला किमान ४८ डीपीचा (डीपी म्हणजे अँड्रॉईडचं स्क्रीनवरचं माप) आहे, तेलकट हातांसाठी मी त्याहून मोठी करतो. अक्षर आणि मागचा रंग यातला फरक किमान ४.५ ला १, हा वेबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी (कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीच्या) नियमातला आकडा, उन्हात उभ्या माणसासाठी त्याच्याही पुढं जा. आकडा भरायच्या जागी थेट आकड्यांचा कीपॅड यावा. कालचा कामगार त्याच मागावर असेल तर नाव आधीच भरलेलं असावं, बदलला असेल तरच हात लावायचा.

एरर मेसेजला तीन भाग हवेत, काय झालं, का झालं, आता काय करायचं. "फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड" असा मेसेज कामगार काढून टाकताना आला तर बिचाऱ्या क्लार्कने काय समजायचं? त्याऐवजी "यांची ५०० रुपये उचल बाकी आहे म्हणून नाव काढता येत नाही, आधी उचल मिटवा किंवा 'काम सोडलं' अशी खूण करा". हे लिहायला सर्व्हरने नुसतं "फेल" न म्हणता कारण आणि आकडा नीट वेगळा करून पाठवायला पाहिजे, म्हणजे परत आतल्या रचनेचाच प्रश्न.

"खात्री आहे का? हो / नाही" ही खिडकी जवळपास निरुपयोगी आहे, दहाव्यांदा आली की हात आपोआप "हो" वर जातो. २०२० च्या ऑगस्टमध्ये सिटीबँकेत रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं आणि बँकेतून गेले जवळपास ९० कोटी डॉलर. मुद्दल बँकेच्या आतल्याच खात्यात वळवायला स्क्रीनवर तीन ठिकाणी खूण करायला लागायची, केली गेली एकाच ठिकाणी, आणि भरणारा, तपासणारा, मंजूर करणारा अशा तिघांच्या हातून ते गेलं. तिघंही त्याच स्क्रीनकडं बघत होते. खात्री विचारायचीच असेल तर परिणाम दाखवा, "८३ कामगार, एकूण १,९४,६५० रुपये, मागच्या आठवड्यापेक्षा ४१,००० जास्त". हा आकडा पक्कं करायच्या आधी दाखवता यायला हिशेब कच्च्या टेबलात झालेला हवा, पायरी ३ मध्ये म्हटलं ते हेच.

पायरी ५ : पाच माणसं बसवा आणि गप्प राहा

नील्सन आणि लँडाउर यांनी १९९३ मध्ये एक हिशेब मांडला, एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. यावरून लगेच "पाच पुरे" असं ठरवू नका, ती पाच माणसं एकाच प्रकारची असतील तरच ते लागू होतं. सुपरवायझर वेगळे, पॅकिंगच्या मावशी वेगळ्या, ऑफिसचा क्लार्क वेगळा, प्रत्येक गटातून तीन-चार घ्या. आणि एकाच वेळी पंधरा जणांवर तपासण्यापेक्षा पाच जणांवर तपासून, सुधारून, परत पाच जणांवर तपासा.

करायचं असं. आधीच सांगा की "आम्ही तुम्हाला तपासत नाहीये, सॉफ्टवेअरला तपासतोय, अडलं तर चूक आमची". मग काम द्या, "माग ७ वर काल ६० लिहिलं होतं, खरे ५० होते, दुरुस्त करून दाखवा". बटनाचं नाव काम सांगताना तोंडातून जाऊ देऊ नका, नाहीतर ते नावच शोधतात. पाठीमागं बसा, हात मागं बांधा, अडले तरी मदत नको, निदान मिनिटभर तरी. फार अवघड जातं हे, आपण केलेली गोष्ट दुसऱ्याला जमत नाही हे बघवत नाही, तरी करा.

आणि शेवटी "कसं वाटलं?" विचारून जे उत्तर येतं त्यावर काही ठरवू नका. आपल्याकडं माणसं भिडस्त असतात, समोर बसलेल्याला वाईट वाटू नये म्हणून "चांगलंय की साहेब" म्हणणारच, मालक शेजारी उभे असतील तर नक्कीच. मालकांना त्या वेळेला चहाला पाठवा. ज्यांना तेलुगू सोयीचं वाटतं त्यांच्याशी बोलायला तेलुगू येणारं कुणीतरी टीममधून बरोबर घ्या, सोलापुरात असं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. अंक हवेच असतील तर जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा प्रश्नांची एसयूएस नावाची पद्धत आहे, सरासरी १०० पैकी ६८ च्या आसपास धरतात, पण वाचायला न लावता तोंडी विचारा.

पायरी ६ : चालू झाल्यावर

पहिले काही आठवडे वही बंद करू नका. वही आणि फोन दोन्ही चालू द्या, जिथं आकडे जुळत नाहीत तिथं जाऊन बघा, बहुतेक वेळा चूक माणसाची नसते, स्क्रीनवर दोन रकाने एकसारखे दिसत असतात. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीम स्वतः ठेवते त्या नोंदींत, चार गोष्टी मोजत राहा, एका पाळीची नोंद पूर्ण व्हायला लागलेला वेळ, दुरुस्त्यांचं प्रमाण, अर्धवट सोडलेल्या नोंदी, आणि ऑफिसला येणारे "हे कसं करायचं" चे फोन. दुरुस्त्यांच्या नोंदी तुम्ही आधीच जपून ठेवल्यायत, म्हणजे वेगळं काही बांधायला नको.

एक गोष्ट मालकांकडून आधीच कबूल करून घ्या. या लॉगवरून कोण हळू काम करतं, कोण जास्त चुकतं असं माणसांना धरायचं नाही. एकदा का तसं झालं की लोक चुका लपवायला लागतात, दुरुस्ती करायच्या ऐवजी चुकीचा आकडा तसाच सोडतात, आणि तुमचा डेटा कायमचा बिघडतो.

नवीन आवृत्तीत बटनांच्या जागा उगाच हलवू नका, हाताला सवय झालेली असते. बदलायचंच असेल तर एका पाळीवर आधी चालवून बघा.

आधीच बांधून झालेलं असेल तर

बऱ्याच जणांची हीच परिस्थिती असणार. सगळं पाडून नव्याने बांधायची गरज नाही आणि तेवढे पैसे कुणी देतही नाही. सुरुवात दुरुस्तीच्या नोंदीपासून करा, जुनं टेबल तसंच राहू द्या, शेजारी एक नवीन टेबल लावा ज्यात प्रत्येक बदलाचा जुना आकडा, नवा आकडा, कोण आणि कधी हे पडत राहील. महिन्याभरात त्याच टेबलावरून दिसतं की सगळ्यात जास्त दुरुस्त्या कुठल्या स्क्रीनवरून होतायत, ती स्क्रीन पहिली हातात घ्या, बाकीच्या राहू द्या.

त्यानंतर एरर मेसेज, हे सगळ्यात स्वस्तात होतं आणि सपोर्टचे फोन यानेच पटकन कमी होतात. मग दोनदा जाणाऱ्या नोंदी थांबवणारा युनिक नंबर, तो सर्व्हरवर एका रकान्याने आणि एका तपासणीने बसतो. ऑफलाईनचं काम खरंच मोठं आहे, त्याला वेगळं एस्टिमेट द्या, बाकीच्या कामात फुकट घालू नका. नावांच्या शोधाची चावी शेवटी घेतली तरी चालते, फक्त जुना डेटा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर कन्व्हर्ट केल्यावर नावांची यादी मोठ्या अक्षरात छापा, कारखान्याच्या दारात लावा आणि ज्याचं त्याला स्वतःचं नाव तपासायला सांगा, जोडाक्षरांत आणि रफारात कन्व्हर्टर हमखास गोंधळ घालतात.